सुधीर पटवर्धन यांची माणसे : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्याविषयी एक छोटे टिपण आणि त्यांच्या ‘लोअर परळ’ या २००१ सालच्या चित्राची प्रतिमा आम्ही छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी रोज कल्याणहून लोकलने करी रोडला उतरतो आणि तेथून चालत लोअर परळमध्ये कामावर जातो. तुम्ही छापलेले चित्र पाहून जागा ओळखीची वाटली, पण चित्र कोठून पाहून काढले आहे, हे काही केल्या लागेना. पूल एका बाजूने दिसतो, रूळ वरून दिसतात, इमारती आणखी तिसऱ्याच कोनातून. हे मुद्दाम केले आहे की चित्रकाराचा अंदाज चुकला आहे? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : हे पूर्णपणे मुद्दाम केलेले आहे आणि आपण ते रोजच्या वाटेच्या आधारे हेरले, याचा आम्हांला विशेष आनंद झाला. शाळेत आपल्याला यथार्थदर्शन शिकवले जाते : रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळतात आणि साऱ्या इमारती त्या बिंदूकडे लहान होत जातात. ही पद्धत पंधराव्या शतकात इटलीत पक्की झाली आणि तिच्यामागे एक गृहीत आहे, ते असे की पाहणारा एका जागी, एक डोळा मिटून, न हलता उभा आहे. मुंबईत पुलावर असा उभा राहणारा माणूस मागच्या गर्दीच्या रेट्याने दोन मिनिटांत पुढे ढकलला जाईल. तेथे माणूस चालत असतो, मान वळवतो, कठड्यावरून खाली रुळांकडे पाहतो, मग वर नव्या इमारतीकडे पाहतो, आणि या साऱ्या नजरा मिळून त्याच्या मनात ती जागा तयार होते. पटवर्धन यांनी ही मनात तयार झालेली जागा रंगवली आहे. म्हणून रूळ, पूल, जुनी वस्ती आणि उगवते टॉवर एका चौकटीत येतात, आणि छायाचित्रात सहसा न सापडणारी त्या परिसराची दाटी चित्रात सापडते.

अशा मांडणीला जुनी वंशावळ आहे. इटलीतील सिएना शहराच्या सभागृहात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या भित्तिचित्रात शहर असेच अनेक बाजूंनी उलगडते. आपल्याकडच्या मुघल आणि पहाडी लघुचित्रांत गच्ची वरून, दरवाजा समोरून आणि अंगण तिरपे दिसते. आधुनिक काळात फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याने टेबलाची डावी कड आणि उजवी कड एका रेषेत येऊ दिली नाही आणि त्यामुळे त्याची साधी फळेसुद्धा हातात घेता येतील इतकी भरीव झाली. पटवर्धन यांच्यावर ज्या चित्रकारांचा ठसा आरंभापासून आहे, त्यांत सेझान अग्रभागी आहे, आणि ‘लोअर परळ’ पाहताना ते जाणवते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर चित्राचा अर्धाच भाग हाती लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप विधिवत कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा इतर कारणांसाठी वापर करण्याचा मार्ग खुला केला. २००१ साली लोअर परळ या बदलाच्या ऐन मध्यावर होते. गिरण्यांच्या चिमण्या उभ्या होत्या, पण अनेकींतून धूर येणे थांबले होते. काचेच्या इमारती उठत होत्या, पण चाळी अजून हटल्या नव्हत्या. दोन काळ एकाच जमिनीवर एकमेकांना रेटत असताना एका बिंदूतून दिसणारे, नीट ताळ्यावर आलेले दृश्य रंगवणे हे त्या जागेशी अप्रामाणिकपणाचे झाले असते. चित्रातील जागा अडखळते, कारण तेथील जगणेच तेव्हा अडखळत होते. आपण रोज तेथून जाता. आता मूळ चित्र पाहण्याचा योग आला, तर प्रथम माणसांचे आकार इमारतींच्या तुलनेत किती ठेवले आहेत, हे अवश्य पाहावे. १९७०च्या दशकातील त्यांच्या चित्रांत एकेक माणूस सारा कॅनव्हास व्यापतो. येथे त्याला शोधावे लागते.

प्रश्न : पटवर्धन हे डॉक्टर होते, असे टिपणात वाचले. ते चित्रकलेकडे कसे वळले? त्यांचे कलाशिक्षण कोठे झाले? आणि क्ष-किरणतज्ज्ञ असल्यामुळे त्यांना माणसाच्या ‘आतले’ दिसत असे, असे जे म्हटले जाते, त्यात कितपत तथ्य आहे? (एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईस आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. कलाशाळेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. रेखाटन, पुस्तके, प्रदर्शने आणि चित्रकार मित्रांशी चर्चा हीच त्यांची शाळा होती. या मित्रांमध्ये कवी, नाटककार आणि चित्रकार गीव्ह पटेल हेही होते, आणि तेही पेशाने डॉक्टरच होते. पहिले एकल प्रदर्शन १९७९ साली दिल्लीत आर्ट हेरिटेज या कलादालनात झाले. २००५ साली व्यवसाय थांबवून ते पूर्ण वेळ चित्रकार झाले. याचा अर्थ असा की आज भारतीय कलेच्या इतिहासात ज्या चित्रांची नावे घेतली जातात, त्यांतील बहुसंख्य चित्रे दिवसा रुग्ण तपासणाऱ्या माणसाने उरलेल्या वेळात रंगवली आहेत. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

‘आतले दिसण्या’विषयी मात्र आमचे मत प्रचलित समजुतीच्या उलट आहे. क्ष-किरण कातडी आणि मांस भेदून हाडांपर्यंत जातो. त्या काचेवर श्रीमंत आणि गरीब यांची फासळी सारखीच दिसते, चेहरा तर उरतच नाही. पटवर्धन यांची चित्रे नेमकी त्याच ठिकाणी थांबतात, जेथे क्ष-किरण थांबत नाही : ताणलेल्या मानेवर, खांद्याच्या उतारावर, पोट सुटलेल्या बनियनवर, बसल्या जागी पेंगुळलेल्या डोळ्यांवर. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) हे चित्र पाहावे. चहाच्या टेबलाशी टेकलेल्या माणसाचे वजन खुर्चीवर कसे उतरले आहे, ते प्रथम जाणवते आणि चेहऱ्यावरचा भाव मागाहून येतो. ‘ट्रेन’ (१९८०) मध्ये डब्यात दाटीने बसलेली माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत, परंतु कोणाचा दंड कोणाच्या खांद्याला लागला आहे आणि ती जवळीक प्रत्येक जण कशी सोसतो आहे, हे चित्रकाराने शरीरांच्या मांडणीतून सांगितले आहे. वैद्यकीय व्यवसायाने त्यांना दिले असेल तर ते शरीरांचे सततचे सान्निध्य दिले असावे. ठाण्यासारख्या कारखान्यांच्या शहरात डॉक्टरसमोर सर्व थरांतील माणसे सदरा उतरवून उभी राहतात, आणि कष्टाने शरीर कोठे झिजते, हे त्याला रोज पाहावे लागते. ही झीज त्यांनी करुणेचा गहिवर न आणता रंगवली. त्यांचे कामगार दयेची याचना करीत नाहीत आणि भित्तिपत्रकावरच्या कामगाराप्रमाणे मूठही उगारत नाहीत. ते जागा व्यापून असतात. आमच्या मते पटवर्धन यांच्या चित्रांचे सारे बळ या जागा व्यापण्यात आहे.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. आमच्या महाविद्यालयात काही जणांचे म्हणणे असते की माणसे ओळखू येतील अशी चित्रे काढणे म्हणजे कथाचित्रण झाले, ते मासिकांसाठी ठीक. खरी समकालीन कला एक तर अमूर्त असते, नाही तर मांडणशिल्पांची, म्हणजे वस्तू जागेत मांडून केलेल्या कलाकृतींची. मग पटवर्धन यांना समकालीन का म्हणायचे? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : हा वाद आपल्या महाविद्यालयापुरता नाही, तो आपल्या जन्माच्या आधीही चालू होता, आणि त्याचे एक उत्तर १९८१ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात भिंतींवर टांगलेले होते. ‘प्लेस फॉर पीपल’ या नावाचे ते प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झाले. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात सहभागी होते, आणि समीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी मानवाकृतीच्या बाजूने सविस्तर लेख लिहिला होता. त्या काळी मुंबईतील जाणकार वर्तुळात अमूर्त चित्रकलेला मोठी प्रतिष्ठा होती, आणि वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराकडे पाहिले, तर ती प्रतिष्ठा सर्वस्वी योग्यच होती. या सहा जणांचा अमूर्ताशी झगडा नव्हता. ज्या रस्त्यावर, ज्या घरात, ज्या डब्यात आपण राहतो आणि वावरतो, तेथील माणसांना आधुनिक चित्रात जागा का असू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

कथाचित्रण आणि पटवर्धन यांची चित्रे यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. त्याच वर्षीच्या ‘ॲक्सिडेंट ऑन मे डे’ या चित्रात कामगार दिनी झालेला एक अपघात आणि भोवती जमलेली माणसे आहेत. कथाचित्रकाराने मृताचा चेहरा, नातेवाइकांचा आक्रोश आणि दोषी कोण याची खूण दिली असती, कारण त्याला एक गोष्ट पूर्ण करायची असते. पटवर्धन यांनी पाहणारे लोक रंगवले आहेत. घटना घडून गेली आहे, जो तो तिच्याकडे आपापल्या अंतरावरून पाहतो आहे, आणि चित्रासमोर उभे असलेले आपणही त्याच बघ्यांत मोजले जातो. कामगार दिनाची तारीख शीर्षकात आल्यामुळे या उभे राहून पाहण्याला जो अर्थ येतो, तो चित्रकाराने चित्रात कोठेही लिहून दाखवलेला नाही.

आपण शिकत आहात म्हणून एक सूचना करावीशी वाटते. त्यांच्या १९८०च्या दशकातील ‘टाउन’ (१९८४) आणि ‘नाला’ (१९८५) या चित्रांच्या प्रतिमा मिळवून त्यांच्यावर पातळ कागद ठेवावा आणि फक्त मोठे आकार गिरवावेत. माणसे, घरे, झाडे ही नावे विसरून नुसते आकार पाहिले की कळते, की चित्राची बांधणी अमूर्त चित्रकाराच्या काटेकोरपणे केलेली आहे. मूर्त आणि अमूर्त यांच्यातील भांडण मग फारसे उरत नाही.

प्रश्न : माझे वडील आणि चुलते दोघेही गिरणीत होते. तुम्ही छापलेले चित्र मला आवडले, पण मनात एक गोष्ट सलते. एका डॉक्टरने कामगारांची चित्रे काढायची, ती वातानुकूलित दालनात लागायची, श्रीमंतांनी विकत घ्यायची, आणि ज्यांची ती चित्रे आहेत त्यांनी ती कधी पाहायचीही नाहीत. याला काय म्हणावे? (एक निवृत्त वाचक, लालबाग)

उत्तर : आपल्या पत्रातील सल खरी आहे आणि तिला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. प्रथम एवढे सांगणे आवश्यक आहे, की हाच प्रश्न पटवर्धन यांनी स्वतः आयुष्यभर बाळगला आहे. विद्यार्थिदशेत आणि त्यानंतर ते मार्क्सवादी विचारांकडे ओढले गेले. शहर घडवणारा कष्टकरी माणूस हाच चित्राचा नायक असला पाहिजे, ही त्यांची धारणा त्या काळातील आहे, आणि ‘मॅन विथ सिलिंडर’ (१९७५) सारखी आरंभीची चित्रे तिच्यातूनच आली. ज्याचे चित्र काढले आहे, त्याला स्वतःला ते आपले वाटले पाहिजे, हा आग्रह त्यांनी वेळोवेळी बोलून दाखवला आहे. परंतु चित्र काढणारा सुशिक्षित मध्यमवर्गीय आणि चित्रातला माणूस यांच्यामधले अंतर नुसत्या सदिच्छेने मिटत नाही, याचीही त्यांना हळूहळू जाणीव होत गेली. रणजित होस्कोटे यांनी २००४ साली त्यांच्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचे नाव ‘द कम्प्लिसिट ऑब्झर्व्हर’ असे आहे. जो केवळ पाहतो, तोही जे घडते आहे त्यात गुंतलेला असतो आणि त्याचा वाटा त्याला नाकारता येत नाही, असा त्याचा रोख आहे.

ही जाणीव त्यांच्या चित्रांत दिसते, आणि आमच्या दृष्टीने हेच त्यांच्या सचोटीचे गमक आहे. वर्षे सरली तशी चित्रातली माणसे लहान आणि परिसर मोठा होत गेला. ‘पोखरण’ या चित्रात (हे ठाण्यातील एका भागाचे नाव) तर त्यांच्या ठाण्याचाच परिसर मुख्य विषय झाला. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर, १९९६ साली त्यांनी ‘रायट’ हे चित्र काढले, आणि ज्या रस्त्यावरच्या माणसावर त्यांनी दोन दशके विश्वास ठेवला होता, तोच माणूस त्यात जमावाचा भाग होऊन दुसऱ्या माणसावर तुटून पडताना दिसतो. कष्टकऱ्याला केवळ सद्गुणांचा पुतळा करून ठेवणाऱ्या चित्रकाराला हे चित्र काढता आले नसते. तो विश्वास सोडून देणेही सोपे होते, तेही त्यांनी केले नाही. पुढच्या काळात त्यांनी स्वतःच्या वर्गाकडे मोर्चा वळवला : घराच्या खोल्या, वार्धक्य, आजारपण, एकाच छताखाली राहणाऱ्या माणसांमधला दुरावा. २०१७ च्या ‘स्पेक्टर्स’ या प्रदर्शनात हे सारे होते. अगदी अलीकडे युद्धांत उद्ध्वस्त झालेली शहरेही त्यांच्या कॅनव्हासवर आली आहेत.

राहिला दालनाचा आणि खरेदीचा प्रश्न. चित्र ही एकच प्रत असलेली वस्तू आहे, ती विकली जाते, आणि विकत घेणारा सधनच असतो. चित्रकाराच्या भल्या हेतूने या व्यवहारात बदल होत नाही, हे आपले म्हणणे मान्यच केले पाहिजे. मात्र ज्यांना चित्रे पाहायला मिळत नाहीत, त्यांच्यासाठी पटवर्धन यांनी काय केले, हेही आपल्यापर्यंत पोहोचायला हवे. २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील शहरांत नेण्यात आले. ज्या गावांत राष्ट्रीय पातळीवरील चित्रकारांची मूळ चित्रे क्वचितच पोहोचत, तेथे ती प्रत्यक्ष मांडली गेली. हे काम एका नामांकित चित्रकाराने स्वतःच्या चित्रनिर्मितीचा वेळ देऊन केले. मुंबई-दिल्लीच्या बाहेरचा प्रेक्षक समकालीन कलेला पेलणार नाही, असे मानणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही. पटवर्धन यांनी तसे कधी मानले नाही, आणि त्यासाठी आम्हांला त्यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

आपल्याला एक विनंती आहे. आपले वडील आणि चुलते ज्या पाळीला जात, त्या वाटेचे वर्णन आपण आम्हांला लिहून पाठवावे. गिरणगावाची चित्रे आणि गिरणगावातील माणसांच्या आठवणी शेजारी शेजारी छापण्याची आमची इच्छा आहे.

प्रश्न : त्यांची मूळ चित्रे कोठे पाहायला मिळतील? (पुणे, सोलापूर आणि वसई येथील वाचक)

उत्तर : त्यांचे सर्वांत मोठे प्रदर्शन, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ या नावाचे सिंहावलोकन, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या अखेरीस सुरू होऊन २०२० च्या आरंभापर्यंत चालले, त्याची मांडणी नॅन्सी अडजानिया यांनी केली होती. ज्यांना ते पाहता आले, त्यांना चार दशकांहून अधिक काळाचे काम एका इमारतीत सलग पाहायला मिळाले. असा योग पुन्हा येईपर्यंत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि भोपाळच्या भारत भवनातील रूपंकर हे कला संग्रहालय यांच्या संग्रहांत त्यांची चित्रे आहेत, हे लक्षात ठेवावे. परदेशी असलेल्या वाचकांसाठी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयाच्या हरविट्झ संग्रहातही त्यांचे काम आहे. संग्रहालये आपल्याकडील सर्व चित्रे एका वेळी भिंतीवर लावत नाहीत. तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वी फोन करून सध्या कोणती चित्रे मांडली आहेत, याची चौकशी करावी. मुंबईतील संग्रहालय फोर्टमध्ये, सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या वास्तूत आहे आणि चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन्ही स्थानकांपासून तेथे चालत जाता येते.